ग्रुप प्रोजेक्टची फाईल नेमकी शेवटच्या रात्रीच का बिघडते?

रात्री पावणेबाराला ग्रुपवर मेसेज येतो, "माझा भाग कुठं गेला??" लगेच दुसरा, "मी तर मघाशीच टाकलाय." मग तिसरी विचारते, "कुठल्या फाईलमध्ये?" आणि तिथंच रोगाचं निदान होतं. 'कुठल्या' हा शब्द आला की समजायचं, फाईल एक उरलेली नाही.

असे प्रोजेक्ट मी स्वतः बरेच केले आणि त्याहून जास्त दुसऱ्यांचे निस्तरले, कारण "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना" हे वाक्य एकदा आपल्या नावाला चिकटलं की सुटत नाही. दर वेळी दोष टूलच्या माथी मारला जातो. डॉक्सनं खाल्लं, वर्ड अडकलं, नेट गेलं. प्रत्यक्षात बघायला बसलं तर बहुतेक वेळा टूलनं काहीही खाल्लेलं नसतं. कसल्या तरी दोन प्रती झालेल्या असतात. दोन फाइली, दोन अकाउंट, नाहीतर एकाच परिच्छेदाचे दोन मालक. म्हणून खाली मी लक्षणांवरून मागं शोधत गेले आहे. तुमचं लक्षण जिथं जुळेल तिथून वाचा, बाकीचं सावकाश.

"मी लिहिलेलं गायब झालं"

आधी हात वर करा. कुणीही टाइप करू नका, काही पुसू नका, आणि घाबरून 'रिस्टोअर', म्हणजे जुनी आवृत्ती परत आणायचं बटण, तर मुळीच दाबू नका. पाचही जणांनी आपापल्या स्क्रीनवर उघडी असलेली फाईल बघायची आणि पत्त्याच्या पट्टीतला पूर्ण पत्ता ग्रुपवर टाकायचा. पाचही पत्त्यांतला '/d/' नंतरचा लांबलचक भाग सारखा आहे का, एवढंच तपासायचं. फाईलच्या नावावर जाऊ नका, कारण दोन वेगळ्या फाइलींचं नाव अगदी सारखं असू शकतं.

आमच्या एका प्रोजेक्टमध्ये हेच झालं होतं. एकानं वर्डमध्ये आराखडा बनवून गूगल ड्राइव्हवर चढवला. दुसरीनं तो उघडला, तिला काही सोयी दिसेनात, म्हणून तिनं फाईल मेनूतून 'सेव्ह अ‍ॅज गूगल डॉक्स' केलं. यानं मूळ फाईल बदलत नाही. तिच्या शेजारी त्याच नावाची आणखी एक फाईल तयार होते. ड्राइव्हमध्ये बारकाईनं बघितलं तर एका निळ्या चिन्हावर डब्ल्यू दिसतो आणि दुसऱ्या निळ्या चिन्हावर आडव्या रेघा. फोनच्या स्क्रीनवर हा फरक कोण बघतो? तिघं एका फाईलमध्ये लिहीत राहिले, दोघं दुसऱ्या. आठ दिवस कुणालाच कळलं नाही, कारण प्रत्येकाला वाटत होतं की बाकीचे काम टाळतायत.

दोन फाइली निघाल्या तर उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच एक आहे. जिच्यात जास्त काम झालंय तिला खरी फाईल म्हणायचं. दुसरीतला मजकूर एकानं, फक्त एकानंच, हातानं उचलून खऱ्या फाईलमध्ये आणायचा. मग दुसरीचं नाव बदलून "जुनी, इथे लिहू नका" असं करायचं आणि सगळ्यांचा हक्क 'एडिटर'वरून (लिहिणारा) 'व्ह्यूअर'वर (नुसता बघणारा) आणायचा. ती उडवू मात्र नका. सकाळी कुणाला तरी हटकून आठवतं की आपला एक तक्ता तिथंच राहिलाय.

व्हॉट्सअ‍ॅपवरून फाईल फिरवणाऱ्यांची गोष्ट याच जातीची. ग्रुपवर आलेली फाईल फोनवर उघडून दुरुस्त केली की दुरुस्ती तुमच्या फोनमधल्या प्रतीत होते, ग्रुपवरच्या प्रतीला त्याचा पत्ताही नसतो. मग "फायनल", "फायनल २", "फायनल नक्की" अशी वंशावळ वाढते आणि कुणाचा पायपोस कुणाच्या पायात राहत नाही. यावर तांत्रिक उपाय नाही, नियम आहे: ग्रुपवर फक्त लिंक जाईल, फाईल जाणार नाही. कुणी फाईल टाकलीच तर त्याला सौम्यपणे विचारायचं, "हे खऱ्या फाईलमध्ये कोण टाकणार, तू की मी?"

आता फाईल एकच आहे आणि तरीही मजकूर गेलाय, असं असेल तर गोष्ट सोपी. गूगल डॉक्समध्ये फाईल मेनूत 'व्हर्जन हिस्टरी' असते. ती फोनऐवजी कॉम्प्युटरवर उघडा, नीट दिसते. उजवीकडे तारीख-वेळेची यादी येते, प्रत्येकाचा रंग वेगळा, आणि कुणी काय खोडलं ते त्याच रंगात आडव्या रेघेनं कापलेलं दिसतं. हे बघायला एडिटरचा हक्क लागतो. नुसत्या व्ह्यूअरला इतिहास दिसत नाही, म्हणून "माझ्याकडे तो पर्यायच नाही" असं कुणी म्हणालं तर त्याला खोटं ठरवू नका.

इथं घोडं पेंड खातं ते असं. आपला निष्कर्ष आठ वाजता होता आणि आता नाही, हे एकाला दिसतं. तो आठची आवृत्ती निवडतो आणि 'रिस्टोअर' करतो. त्याचा निष्कर्ष परत येतो, पण आठ ते अकरा या वेळात बाकीच्या दोघांनी लिहिलेलं दिसेनासं होतं. मग ते दोघं रिस्टोअर करतात, आणि हा खेळ पहाटेपर्यंत चालतो. जुनी आवृत्ती उघडून त्यातला हवा तेवढा मजकूर निवडून कॉपी करायचा, आजच्या फाईलवर परत यायचं आणि तिथं चिकटवायचा. पूर्ण फाईल मागं न्यायची गरजच नसते. आणि रिस्टोअर झालंच असेल तरी धीर सोडू नका. त्यानंतरच्या आवृत्त्या यादीत तशाच राहतात, अकराची आवृत्ती उघडून तीही परत आणता येते.

कंट्रोल+झेडचा एक गैरसमजही इथंच दूर करते. सगळे एकत्र लिहीत असताना डॉक्समधलं अनडू फक्त तुमचे स्वतःचे बदल मागं घेतं. मैत्रिणीनं चुकून पान पुसलं तर तुम्ही कितीही वेळा दाबलं तरी ते येणार नाही, उलट तुमचंच लिहिलेलं एकेक करून जाईल. तिनं तिच्या मशीनवर दाबायला हवं.

वर्डवाल्यांसाठी दोन ओळी. ऑटोसेव्ह चालतं ते फाईल मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर असेल तरच. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाईलला ते लागू नाही. आणि फाईल जुन्या डॉक प्रकारातली असेल किंवा तिला पासवर्ड घातला असेल तर एकाच वेळी अनेकांना लिहिता येत नाही. नव्या डॉक-एक्स (.docx) प्रकारात सेव्ह केली आणि पासवर्ड काढला की हा अडथळा जातो.

"नेट गेलं होतं, मी ऑफलाइन लिहिलं"

ऑफलाइन लिहिणं चालतं, पण आधीपासून चालू करून ठेवलेलं असेल तर. क्रोम किंवा एजमध्ये ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये ऑफलाइनची खूण करावी लागते, आणि गुप्त खिडकीत, म्हणजे इनकॉग्निटोत, ते चालत नाही. लिहून झालं की नेट असलेल्या जागी तोच ब्राउझर उघडायचा आणि शीर्षकाशेजारी 'सेव्ह्ड टू ड्राइव्ह' दिसेपर्यंत थांबायचं. 'सेव्ह्ड टू धिस डिव्हाइस' असं दिसत असेल तर मजकूर अजून तुमच्याच मशीनमध्ये आहे. या अवस्थेत कुणी "ब्राउझर स्लो झालाय" म्हणून साठवलेला डेटा साफ केला, तर मात्र ते खरोखर गेलं. हा एक प्रकार असा आहे की मलाही काही करता येत नाही.

"वाक्यं चमत्कारिक झालीत"

फाईल एक, अकाउंट बरोबर, मजकूरही आहे, पण वाचायला घेतलं तर असलं काहीतरी: "सर्वेक्षणात अर्ध्याहून जास्त जणांनी ४० पैकी २६ जणांनी होकार दिला." मूळ वाक्य होतं, "सर्वेक्षणात बहुतेकांनी होकार दिला." दोघांनी एकाच क्षणी 'बहुतेकांनी' सुधारायला घेतलं. एकानं शब्द घातले, दुसरीनं आकडे.

टूलनं इथं अगदी बरोबर काम केलंय, आणि ते कसं होतं हे कळलं की राग जातो. मी वर दहा अक्षरं खोडली तर तुमचा कर्सर जिथं होता ती जागा दहानं मागं सरकते, आणि तुमचं अक्षर सरकलेल्या जागी बसवलं जातं. प्रत्येक बदल दुसऱ्याच्या बदलाच्या हिशेबानं असा फिरवून घ्यायची पद्धत एलिस आणि गिब्ज या दोघा संशोधकांनी १९८९ साली मांडली, आणि आजचं एकत्र लिखाण बऱ्याच अंशी त्या कल्पनेवर उभं आहे. यंत्र अक्षरं जुळवतं. अर्थ जुळवणं त्याच्या कामातच नाही.

म्हणून दुसऱ्याच्या परिच्छेदात थेट हात घालू नका. वरच्या कोपऱ्यातून 'सजेस्टिंग' निवडा. तुमचा बदल सूचना म्हणून रंगात दिसेल आणि परिच्छेदाचा मालक तो घेईल किंवा सोडेल. याचाही एक उलटा त्रास आहे, तो सांगून ठेवते. कुणीतरी सजेस्टिंग चालू करतो आणि विसरतो, मग त्याचा सगळा भागच 'सूचना' बनून बसतो. फाईल वर्डमध्ये उतरवली की त्या सूचना ट्रॅक चेंजेस, म्हणजे वर्डमधल्या बदलांच्या खुणा, होऊन रंगीबेरंगी तशाच जातात. सबमिशनच्या आधी एकदा सगळ्या सूचना मार्गी लावायच्या.

जाता जाता एक आठवण. दोन माणसांनी दोन ठिकाणी बसून एकाच पडद्यावरचा मजकूर हाताळणं ही आजकालची गोष्ट नाही. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगेलबार्ट या अमेरिकन संशोधकानं सुमारे ५० किलोमीटरवरच्या मेन्लो पार्कमधल्या सहकाऱ्याबरोबर हे भर सभेत करून दाखवलं. माउसही लोकांनी तिथंच पहिल्यांदा पाहिला. मला त्यातली आवडणारी गोष्ट वेगळी आहे. ते दोघं काम करताना एकमेकांशी बोलत होते, एकमेकांचे चेहरे पडद्यावर दिसत होते. आपण मात्र चौघं एका फाईलमध्ये घुसतो आणि कुणीच बोलत नाही. अवघड भाग लिहायचा असेल तेव्हा कॉल चालू ठेवा. "मी आता दुसऱ्या परिच्छेदात आहे" एवढं तोंडानं म्हटलं तरी वरच्यासारखं वाक्य जन्माला येत नाही.

"उघडतच नाही, परवानगी मागतंय"

हे पटकन सांगून टाकते, कारण नव्यानं जोडल्या गेलेल्या प्रत्येकाला हे होतं आणि कारण जवळजवळ ठरलेलं असतं. आमंत्रण गेलंय तुमच्या खासगी ईमेलवर, आणि ब्राउझरमध्ये आधी उघडलंय कॉलेजचं अकाउंट. उजव्या कोपऱ्यातलं गोल चित्र बघा. चुकीचं असेल तर बदला. रोज बदलायचा कंटाळा असेल तर ब्राउझरमध्ये दोन वेगळी प्रोफाइलं करा, एक कॉलेजचं आणि एक स्वतःचं.

संस्थेच्या अकाउंटवर बनवलेली फाईल बाहेरच्या ईमेलला देता येणं हे संस्थेच्या सेटिंगवर असतं. तिथं बंद असेल तर तुम्ही शेअर बटणाशी कितीही झटापट करा, उपयोग शून्य. सगळ्यांनी संस्थेचंच अकाउंट वापरा, नाहीतर सगळ्यांनी खासगी. मिसळ करू नका.

कंटाळून बरेच जण 'एनीवन विथ द लिंक' आणि 'एडिटर' असं करून मोकळे होतात. दार सताड उघडं. लगेच सुटतं खरं, पण लिंक जिथं जाईल तिथला कुणीही लिहू शकतो. शिवाय नावानं न बोलावलेले लोक वर निनावी प्राण्यांच्या चित्रांनी दिसतात, आणि लॉगिन न करता लिहिलेलं इतिहासात निनावीच नोंदलं जातं. ते कोकरू नक्की आपल्यातलंच का, हा प्रश्न मध्यरात्री सोडवायला मजा येत नाही.

सरांना किंवा मॅडमना लिंक द्यायची असेल तर ती आधी गुप्त खिडकीत उघडून बघा. तिथं लॉगिन मागितलं तर त्यांनाही मागणार. तुमच्या स्वतःच्या खिडकीत ती नेहमीच उघडते, त्यामुळे तिथं तपासून काही कळत नाही.

"सगळं एकाच्याच नावावर दिसतंय"

हे लक्षण शेवटच्या रात्री येत नाही, गुण लागल्यावर येतं. म्हणून जास्त झोंबतं.

हल्ली शिकवणारे बऱ्याचदा व्हर्जन हिस्टरी उघडून बघतात, कुणी किती लिहिलं ते. आता समजा चौघांनी आपापले भाग फोनच्या नोट्समध्ये लिहिले, ग्रुपवर पाठवले, आणि एका शहाण्या मुलीनं रात्री बसून ते सगळे फाईलमध्ये चिकटवले. इतिहासात काय दिसेल? एका रात्रीत, एका तासात, एका रंगात अख्खा प्रोजेक्ट. चौघं शून्यावर, आणि तिच्यावर संशय की हिनं कुठून तरी उचललं. माझ्या ओळखीतल्या एका ग्रुपला तोंडी परीक्षेत याचाच खुलासा करत बसावं लागलं. खरं तर प्रत्येकानं मनापासून लिहिलं होतं.

एकदा झालं की हे मागं जाऊन दुरुस्त होत नाही, त्यामुळे पुराव्याचीच जुळवाजुळव करावी लागते. ग्रुपवरचे मूळ मेसेज तारखेसकट जपून ठेवा, फोनमधल्या नोट्स उडवू नका, आणि विचारायच्या आधीच शिकवणाऱ्यांना सांगा की एकत्र करायचं काम अमुकनं केलं. पुढच्या वेळेसाठी: लिहा कुठंही, पण खऱ्या फाईलमध्ये चिकटवायचं ते ज्यानं त्यानं, स्वतःच्या अकाउंटवरून. 'मेक अ कॉपी'पासूनही जपून राहा. नवी प्रत कोऱ्या इतिहासानं सुरू होते. "स्वच्छ प्रत करूया" म्हणत महिन्याभराची नोंद मागं सोडून आलेले ग्रुप मी पाहिलेत.

"फाईल आहे, पण कुणालाच लिहिता येत नाही" किंवा फोल्डरच नाही

इथं मालक शोधायचा. फाईलचा मालक तोच, ज्यानं ती बनवली. ती तुम्ही रोज वापरता म्हणून तुमची होत नाही.

गूगलच्या फुकट अकाउंटला १५ जीबी जागा मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह, फोटो या तिघांत मिळून असते. मालकाचे सहलीचे फोटो आणि व्हिडिओ त्यातच बसतात. जागा संपून वर गेली की त्याच्या फाइली दुसऱ्या कुणालाही एडिट करता येत नाहीत, त्यांची प्रतही काढता येत नाही. बाकी चौघांची ड्राइव्ह रिकामी असली तरी. सगळे आपापलं नेट तपासत बसतात आणि कारण असतं एकाच्या फोनमधले व्हिडिओ. त्यानं जागा मोकळी केली की काम पुढं सरकतं, त्याला मध्यरात्री उठवायला लागलं तरी उठवा.

फोल्डर गायब झालं असेल तर आधी मालकाची कचरापेटी बघा, तुमची नव्हे. ड्राइव्हच्या कचऱ्यात वस्तू ३० दिवस राहते, मग आपोआप कायमची जाते. आणि संस्था सोडताना अकाउंट बंद होणार असेल तर त्याआधीच फाइलींची सोय लावा. खासगी अकाउंटमध्ये शेअरच्या खिडकीतून मालकी दुसऱ्याकडे सोपवता येते, समोरच्यानं ती स्वीकारावी लागते. संस्थेच्या अकाउंटवरून बाहेरच्याकडे मालकी जात नाही, तिथं प्रत उतरवून घेणं एवढंच हातात असतं.

"जोडल्यावर सगळं वेडंवाकडं दिसतंय"

प्रत्येकाचा फाँट वेगळा, ओळींमधलं अंतर वेगळं, एकाचे मथळे ठळक, दुसऱ्याचे अधोरेखित. चिकटवताना कंट्रोल+शिफ्ट+व्ही वापरलं की नुसता मजकूर येतो, त्याची मूळ सजावट येत नाही. ही एक सवय लागली तर निम्मं रंगकाम वाचतं. मथळे हातानं मोठे-ठळक करू नका, स्टाइलमधून 'हेडिंग' द्या. मग अनुक्रमणिका आपोआप तयार होते.

मराठीत लिहिणाऱ्यांचा एक जादा वैताग आहे. ग्रुपमधला एखादा अजून कृतिदेव किंवा श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप करतो. त्या फाँटमध्ये आत साठवलेली अक्षरं देवनागरी नसतातच. फाँट फक्त त्यांना देवनागरीचं रूप देतो. डॉक्समध्ये चिकटवलं की रूप गळून पडतं आणि इंग्रजी अक्षरं-चिन्हांचा सडा दिसतो. मजकूर खराब झालेला नसतो, कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरांत, आणता येतो. आणल्यावर मात्र रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी डोळ्यांखालून घाला, चुका तिथंच लपतात. सगळ्यांकडे चालेल असा फाँट पहिल्याच दिवशी ठरवा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी डॉक्समध्ये मिळतात, आणि फुकट उतरवून वर्डमध्येही बसवता येतात. फाँट नसलेल्या मशीनवर दुसराच फाँट येऊन बसतो आणि तुमची मोजून केलेली २० पानं २३ होतात.

तक्त्यांबाबत एकच. गूगल शीट्समध्ये कुणी सरळ फिल्टर लावला की तो सगळ्यांच्या स्क्रीनवर लागतो. "माझ्या नोंदी गेल्या" असा आरडाओरडा होण्याआधी वरच्या ओळीत फिल्टरचं चिन्ह दिसतंय का बघा. स्वतःपुरतं बघायचं असेल तर 'फिल्टर व्ह्यू' वापरा.

"सगळं नीट चालू आहे, पण कुणी लिहीतच नाही"

याला बटण नाही, पण टूलचा थोडा उपयोग होतो. मॅक्सिमिलियन रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्यानं लोकांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. १९१३ साली छापलेल्या त्याच्या नोंदींनुसार माणसं वाढत गेली तसा दर माणशी जोर कमी होत गेला. १९७९ साली लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स या मानसशास्त्रज्ञांनी टाळ्या आणि ओरडण्यावर तसलाच प्रयोग केला, आणि निकाल तसाच निघाला. आपला वाटा वेगळा मोजला जात नाही असं वाटलं की माणूस हात आखडता घेतो. आळशी म्हणून शिव्या घालण्याआधी हे लक्षात असलेलं बरं.

म्हणून वाटा वेगळा दिसेल असं करा. "प्रस्तावना कुणीतरी लिहा" असा मेसेज म्हणजे कुणालाच न पाठवलेला मेसेज. फाईलमध्ये त्या मथळ्यावर कमेंट टाका, @ लावून एकाचं ईमेल लिहा आणि खाली येणाऱ्या 'असाइन'वर टिचकी मारा. त्या माणसाला ईमेल जातं आणि काम झाल्याची खूण करेपर्यंत कमेंट तिथंच डोळ्यांसमोर राहते. तारीख त्याच ओळीत लिहा. डॉक्समध्ये २०२४पासून एकाच फाईलमध्ये टॅब, म्हणजे वेगवेगळे कप्पे, करता येतात. प्रत्येकाच्या नावाचा एक टॅब ठेवला तर रिकामा कुणाचा आहे हे न बोलता कळतं. जरा निर्दय वाटतं, पण दहा टोमणे मारण्यापेक्षा बरं.

आणि कृपा करून याच्यासाठी तिसरं-चौथं टूल आणू नका. पाच जणांत आपापसांत १० जोड्या होतात, सहा जणांत १५. त्यातच निरोप हरवतात. वरून ट्रेलोवर एक यादी, नोशनवर दुसरी, ग्रुपवर तिसरी ठेवली तर यादी सांभाळणं हाच प्रोजेक्ट होऊन बसतो. एक फाईल, एक गप्पांची जागा, बस्स.

शेवटचा तास

इथवर सगळं ठीक असेल तरी शेवटच्या तासात हात शिवशिवतात. कुणीतरी "फक्त एक शब्द बदलते" म्हणत आत शिरतं. ठरलेल्या वेळेला मालकानं व्हर्जन हिस्टरीत त्या क्षणाला नाव द्यायचं, "सबमिशन" असं काहीतरी, आणि बाकी सगळ्यांना व्ह्यूअर करायचं. रुसवे होतील, होऊ द्या. मग पीडीएफ उतरवायची, आणि ती त्याच मशीनवर न बघता दुसऱ्याच्या फोनवर उघडायची. पानं मोजा, तक्ते कापले गेलेत का बघा, सगळ्यांची नावं आहेत का बघा. नाव राहिलेलं मी एकदा पाहिलंय, आणि ते ज्यानं पीडीएफ केली त्याचंच होतं.

चढवणारी व्यक्ती एकच, आणि तिच्या जागी कोण हेही ठरलेलं. चढवलं की पोचपावतीचा स्क्रीनशॉट लगेच ग्रुपवर टाका, वेळ दिसेल असा. नाहीतर बाराला पाच मिनिटं कमी असताना मेसेज येतोच, "टाकलंस ना गं? कुठली फाईल टाकलीस?"